तुमच्यात घट्ट कोण?

पेशंट गेला की आमच्या वॉर्डात आधी घट्ट माणूस शोधतात. घट्ट म्हणजे ज्याला सांगितलं तर तो जागेवर कोसळणार नाही, कोणाच्या अंगावर धावून जाणार नाही आणि बाकीच्यांना सांभाळून घेईल, असा नातेवाईक. त्याला एकट्याला बाजूला घ्यायचं, बाकड्यावर बसवायचं, कोपराला हात लावायचा आणि मग सांगायचं. एकदम 'गेले' म्हणायचं नाही, 'त्रास संपला' म्हणायचं. पुढचं घरच्यांना तो सांगतो.

नांदेडला नोकरीला लागले तेव्हा आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला हे शिकवलं. त्या निवृत्त होऊन अर्धापूरला राहायला गेल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं. माणूस हेरण्यात मी तरबेज झाले. जो मोठ्यानं रडतोय तो कामाचा नाही. जो फोनवर ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव घेतोय तो तर अजिबात नाही. पण सगळ्यांसाठी पाणी आणणारी, फाईल छातीशी धरून उभी राहणारी, कोण जेवलं नाही ते बघणारी एखादी बाई असते बघा, तीच घट्ट. बहुतेक वेळा ती थोरली लेक असते, नाहीतर थोरली सून.

हळूहळू डॉक्टरांना माझी सवय लागली. खरं तर सांगायचं काम त्यांचं. पण "सिस्टर, जरा तुम्ही सांगता का? तुम्हाला जमतं," असं म्हणून ते काढता पाय घेत. आणि मी जायची. लोकांनी माझ्या अंगावर पाण्याची बाटली फेकलीय, तोंडासमोर मोबाईल धरून माझा व्हिडिओ काढलाय. एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला तो किती तरी वेळ सोडलाच नाही. तो सुटल्यावर मी तशीच पुढच्या पेशंटचं सलाईन बदलायला गेले. सिस्टर, तुम्ही जेवलात का, एवढंही कधी कोणी विचारलं नाही.

मध्यंतरी आमच्यासाठी भावनिक बुद्धिमत्तेचं शिबिर झालं. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ड्युटीवर येताना आपल्या भावना चपलांसारख्या दाराबाहेर काढून ठेवा. घरी जाताना परत घाला." माझ्या शेजारी बसलेली देगलूरची सिस्टर पुटपुटली, "आन् चोरीला गेल्या तर?" आमची अख्खी रांग फिस्सकन हसली. मॅडमना वाटलं, आमचा ताण गेला. शेवटी मेट्रननी मला स्टेजवर बोलावलं आणि सांगितलं, नातेवाईकांशी कसं बोलावं ते या सिस्टरांकडून शिका. टाळ्या वाजल्या. तेव्हा खाली वॉर्डात एक सिस्टर एकटी साऱ्या खाटा सांभाळत होती, कारण बाकीच्या आम्ही आनंदी राहायला शिकत होतो. रिकाम्या जागा भरा, एवढी साधी गोष्ट कोणाच्याच बुद्धीत शिरली नाही.

त्याच हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर ते रेणापूरला माय आणि माझ्या दोन धाकट्या भावांसोबत राहायचे. भावांनी त्यांना लातूरला एका खाजगी दवाखान्यात हलवलं. मी रजा मागितली तर मेट्रन म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर नातेवाईकांशी बोलणार कोण?" भांडून रजा घेतली आणि लातूर गाठलं.

आयसीयूच्या बाहेर माय भिंतीला टेकून बसली होती. एक भाऊ जिन्यात रडत होता, दुसरा फोनवर नातेवाइकांना कळवत होता. आणि मी काय केलं? आल्या आल्या फाईल मागून घेतली, सगळ्या नोंदी वाचल्या. पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या. मायला दोन घास खायला लावले. आपण काय करतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडून एक कोवळी सिस्टर बाहेर आली. तिनं नुसती नजर फिरवली. मायवरून, दोन्ही भावांवरून फिरत ती नजर माझ्यावर येऊन थांबली. ती नजर मी ओळखते. इतकी वर्षं ती माझ्याच डोळ्यांत आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मी नाही गं, मी घट्ट नाही, दुसरं कोणीतरी बघ. पण फाईल माझ्याच छातीशी होती.

"ताई, जरा इकडं येता का?"

तिनं मला बाकड्यावर बसवलं. कोपराला हात लावला. "ताई, तुमच्या वडिलांचा त्रास..." पुढं तिला बोलताच येईना. आणि जिचा बाप आत्ता गेला होता ती मी तिला म्हणाले, "असू दे. कळलं मला. तू आधी पाणी पी."

मी भावांना सांगितलं. ते एकमेकांच्या गळ्यात पडले. थोड्या वेळानं डोळे पुसत धाकटा म्हणाला, "अक्का, मायला तू सांग. आमच्याच्यानं न्हाई व्हायचं. तुला सवय हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कशाची सवय, बाप मरायची? मलाही बाप एकच होता. पण भांडायची ती जागा नव्हती आणि माय तिकडून आमच्याकडंच बघत होती.

मी गेले. मायला उठवून बाकड्यावर बसवलं. कोपराला हात लावला. म्हणाले, "माय, बाबांचा त्रास संपला. आता त्यांना काहीच दुखत नाही." घरात मी मायशी असं कधीच बोलत नाही. घरात आमची आरडाओरड असते. त्या दिवशी तोंडातून वॉर्डातला मऊ आवाज निघाला, कारण दुसरा सापडलाच नाही.

माय माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं कोपरावरचा माझा हात काढून बाजूला ठेवला.

"दवाखान्यातल्या बाईवानी सांगायलीस व्हय मला? तुझा बाप मेलाय. रड की."

मला रडू आलं नाही. आतून फुटत होते, पण डोळे कोरडे. माय उठली, भावांकडं गेली आणि धाकट्याच्या गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला. मी तिच्या मागं जाऊ शकले असते. मी कागदपत्रांच्या मागं लागले, कारण कोणीतरी लागायला पाहिजे होतं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांत बसलेली मावशी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "पोरगी लई घट्ट हाय. डोळ्यात टिपूस न्हाई." बिचारी कौतुक करत होती. माय शेजारीच होती. तिनं मान खाली घातली आणि हातातलं ताट पुसत राहिली.

रजा संपवून नांदेडला आले. पहिल्याच आठवड्यात एक पेशंट गेला आणि डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, जरा सांगता का?" मी म्हणाले, "सर, तुम्ही सांगा. तुमचा पेशंट आहे." ते बघतच राहिले. "का? बरं वाटत नाही का?" नाही वाटत बरं, आणि हे विचारायला तुम्हाला एवढी वर्षं लागली, असं मी तोंडावर बोलले. तक्रार मेट्रनकडं गेली. मेट्रननी माझं नाव पुढच्या शिबिरात घातलंय. या वेळी शिकायला.

रोज संध्याकाळी मी मायला फोन लावते. तिचे गुडघे धरलेत, बाबांचा खाकी शर्ट उशाशी घेऊन ती रडते, हे सगळं मला भावांकडून कळतं. भावांना ती सांगते. मला सांगत नाही.

"माय, कशी हाईस?"

"बरी हाय."

"झोप लागती का?"

"लागती."

"काही दुखतंय?"

"न्हाई."

राऊंडला पेशंट उत्तरं देतात, अगदी तशी. मग ती फोन ठेवत नाही. मी अजून काहीतरी विचारेन म्हणून थांबलेली असते. आणि मला पुढचा प्रश्नच येत नाही.