देवधर मॅडम आणि विहिरीवरची मोट

देवधर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी माझ्या मुलीच्या पुस्तकातलं चित्र तळहाताने झाकलं होतं. "आता वाच," त्या म्हणाल्या. त्याआधी रेवाने 'कावळा शेंड्यावर बसला' असं घडाघडा वाचून दाखवलं होतं. चित्रात कावळा शेंड्यावरच होता, मजकुरात मात्र खालच्या फांदीवर! "पोरगी वाचत नाहीये, बघतेय!" मॅडम टाळी वाजवून ओरडल्या.

लखनौमधल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर त्या वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरी दर रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवत. आम्ही मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतून जायचो. रेवाला मराठी कळायची, पण ती बोलायची हिंदीत. साताऱ्याच्या आजोबांशी फोनवरच्या गप्पा दोन वाक्यांत आटपायच्या. ते मला फार लागायचं.

चित्रं झाकल्यावर रेवा रडकुंडीला आली. "मम्मी, मुझे यहाँ नहीं आना."

मी स्पष्टच म्हटलं, "मॅडम, चित्रांमुळे तर ती पुस्तक हातात घेते."

"बघू या की करून!"

पुढच्या रविवारी त्यांनी बिनचित्रांची गोष्ट दिली. 'विहिरीवर मोट चालली होती.' रेवा फिदीफिदी हसायला लागली. "कुएँ पे कोई मोटी चल रही थी?"

मॅडम "हरले! साफ हरले!" म्हणत खडू घेऊन गच्चीत धावल्या. फरशीवर विहीर, बैल, चाक, पाण्याने भरलेली कातडी मोट! "हे चित्र हवंच होतं गं! कावळ्याचं नसतं तरी चाललं असतं!" रेवाने तीच ओळ पुन्हा वाचली. या वेळी तिला विहिरीचं पाणी दिसत होतं.

चित्राचा फोटो आजोबांना पाठवला. लगेच फोन आला. "दोर एकच कसा? दोन असतात, नाडा आणि सोंदूर!" मॅडमनी दुसरा दोर काढला, आजोबा सांगत राहिले. आणि रेवा मध्येच म्हणाली, "आजोबा, मोट फाटली तर?" मराठीत! मी मॅडमचा हात घट्ट धरला.

गेल्या वर्षी मॅडम मुलाकडे नागपूरला गेल्या. निघताना रेवाला म्हणाल्या, "साताऱ्याला गेलीस की आजोबांची विहीर बघ आणि मला कळव. विसरायचं नाही!"

या सुट्टीत आम्ही गेलो. मोट कधीच मोडीत निघाली होती. राहिली होती फक्त बैलांची उतरती वाट. आजोबा म्हणाले, "इथून बैल उलट्या पावली वर यायचे."

रेवाने मॅडमना फोन लावला आणि पाठमोरी चढ चढत, धापा टाकत ओरडली, "मॅडम, ऐका! मी आत्ता बैल आहे!"