खुन्याच्या ताटात पिठलं-भात

परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तू आधी रडवणाऱ्या गोष्टी लिहायचीस आणि मग एकदम खुनाच्या. असं कसं?" फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही. ऑकलंडला तुमची झोपायची वेळ झालेली असते आणि इथे लीड्सला माझा सकाळचा चहा व्हायचा असतो. म्हणून लिहूनच पाठवते.

तुमचे आजोबा हॉस्पिटलमधून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तोवर मी दर दिवाळीला पुण्याच्या एका दिवाळी अंकासाठी एक कौटुंबिक कथा लिहीत असे. सासू, सून, परदेशी गेलेला मुलगा, न आलेलं पत्र, असं सगळं. वाचकांना ती आवडायची. मला मात्र कंटाळा आला होता. कथेचं पहिलं वाक्य लिहिलं की शेवटचं आपोआप समोर येऊन उभं राहायचं. त्या उन्हाळ्यात एका कथेतली आई खिडकीशी येऊन बसली आणि मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, बाई, तू बैस, मी जाते.

आमच्या लायब्ररीतून मी रहस्यकथा आणून वाचत असे, पण ते जेवणानंतर बडीशेप खावी तसं. आता ठरवलं की आपणच एक लिहायची. संपादकांना तसं फोनवर सांगितलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या कथेत शेवटी आई रडते, सून रडते, वाचक रडतो. अंक खपतो. कशाला हात लावताय त्याला?"

"यंदा कोणी रडणार नाही. एक जण मरणार आहे."

"मेल्यावर रडतातच की."

शेवटी ते म्हणाले, गणपतीच्या आत पाठवा. पटली तर छापू. नाही पटली तर यंदाच्या अंकात तुमचं नाव नसेल, कारण दुसरी कथा मागवायला तेव्हा वेळ नसेल. मी बरं म्हटलं. लग्न होऊन इकडे आल्यापासून त्या अंकातलं माझं नाव कधी चुकलं नव्हतं. मराठी माणसांना मी अजून आहे हे कळायची माझ्याकडे तेवढीच एक जागा होती. त्यामुळे फोन ठेवल्यावर भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. परीक्षेला बसून किती वर्षं झाली होती.

मी पद्धतशीर बाई आहे, तुम्हाला माहीत आहेच. आधी अभ्यास. लायब्ररीत जाऊन विषांवरचं एखादं पुस्तक आहे का, असं विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे, माझ्या कुंकवाकडे आणि माझ्या कार्डावरच्या स्वयंपाकाच्या पुस्तकांकडे पाहिलं, आणि इकडच्या लाडाच्या पद्धतीने हळूच विचारलं, "लव्ह, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी आजोबांना ते सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की टोस्ट खाली पडला. "अगं, त्यांना विचारायचं कशाला, मी आहे ना घरात. चाळीस वर्षं लोकांना भूल देऊन झोपवून परत उठवलंय. न उठवायचं कसं ते सांगतो." मग रोज नाश्त्याला आमचं तेच. मी म्हणायची, "अहो, या गोळ्यांनी माणूस किती वेळात जाईल?" ते म्हणायचे, "तुझ्या कथेत? दोन ओळींत. खरा तसा जात नाही, त्याला दुपार तरी लागेल." त्यांच्यामुळे माझा खून वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष झाला.

कथा अशी होती. लीड्समधले एक म्हातारे मराठी सर्जन आपल्या कंझर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत मरून पडलेले सापडतात. हृदयाच्या गोळ्या कोणीतरी जास्त दिल्या आहेत. घरात बायको, मुलगा, जावई आणि एक जुना मित्र. समोरच्या घरातल्या वहिनी ये-जा करून मदत करत असतात. चौकशीला एक गोरा इन्स्पेक्टर. जावयाने मारलेलं असतं, इस्टेटीसाठी. मी सगळे धागे जुळवले, कोण किती वाजता कुठे होतं याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आणि खूश झाले.

आमचं तेव्हा महिन्यातून एका शनिवारी दुपारी बायकांचं वाचन असायचं. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा आणि एकीने काहीतरी वाचायचं. माझ्या वयाच्या डॉक्टरांच्या बायका होत्या, आणि पुण्याहून वर्क व्हिसावर आलेल्या तरुण मुलीही येऊ लागल्या होत्या. मी कथा वाचली आणि शेवटच्या पानाआधी थांबले. "आता सांगा, कोण?"

एकीनेही डोकं खाजवलं नाही. सगळ्या एकदम म्हणाल्या, "जावई."

माझा चेहरा पाहून एक सॉफ्टवेअरवाली मुलगी म्हणाली, "काकू, सॉरी हं, पण मी टेस्टर आहे. चुका शोधणं हेच माझं काम. मला तर मधेच कळलं होतं."

"कशावरून? सगळे पुरावे तर मुलाविरुद्ध आहेत."

"पिठलं-भात."

मला काही कळेना. तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या, सगळ्यांत वडील वहिनींनी मला समजावून सांगितलं. या वहिनी म्हणजे आमच्या लीड्सचा आधार. कोणाकडेही मयत झालं की घरात चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाताचा डबा घेऊन पहिल्या पोचणाऱ्या त्याच. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या कथेत समोरच्या घरून डबा येतो. बायकोला आग्रह करून दोन घास भरवता. मुलगा रडत रडत खातो. मित्र खातो. तो गोरा इन्स्पेक्टरसुद्धा मिरची लागून पाणी पीत पीत खातो. एकटा जावई तेवढा 'नको, भूक नाही' म्हणून ताट सरकवतो. मग कोण असणार दुसरं?"

घरी येईपर्यंत बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते. मी हे मुद्दाम केलं नव्हतं. माझ्या नकळत, ज्याने खून केला त्याला माझ्या हातून ताट वाढलंच गेलं नव्हतं. मग जुन्या कथा काढून पाहिल्या. तिथेही तेच. चांगली माणसं पोटभर जेवत होती. वाईट माणसं दारातूनच परत जात होती, फार तर पाणी पिऊन. कौटुंबिक कथेत हे चालून जातं, तिथे वाचकाला कोण कसं आहे हे कळलेलं हवंच असतं. इथे त्यानेच घात केला होता.

गणपती दोन आठवड्यांवर आले होते. आजोबा म्हणाले, "त्यात काय, जावयालाही वाढ दोन घास."

मी तसं लिहून पाहिलं. पण माझा जावई जेवायला बसला की एकदम संशयास्पद दिसायचा. इतका भात कालवायचा की कोणीही ओळखावं. मला तो आवडतच नव्हता, हीच खरी अडचण होती. मग एका सकाळी भांडी घासता घासता वाटलं, मला या कथेत सगळ्यांत जास्त कोण आवडतं? उत्तर लगेच आलं आणि हातातली कढई सिंकमध्ये पडली. समोरच्या घरातल्या वहिनी. डबा घेऊन येणाऱ्या.

त्यांना कारणही सापडलं. सर्जनसाहेबांनी कधीकाळी त्यांच्या नवऱ्याची नोकरी घालवली होती आणि नंतर ते साफ विसरूनही गेले होते. मी कथा नव्याने लिहायला घेतली आणि त्या बाईला भरभरून प्रेमाने लिहिलं. तिची लसणाची फोडणी लिहिली, डब्यावर बांधलेलं फडकं लिहिलं, सर्जनच्या बायकोच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात लिहिला. त्यातलं काही खोटं नव्हतं. तिला खरंच वाईट वाटत होतं. इतकं मनापासून मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. आजोबा दोनदा हाका मारून गेले, मला ऐकू आल्या नाहीत.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी मुद्दाम जादाचं वाचन ठेवलं. शेवटच्या पानाआधी थांबले. टेस्टर मुलगी म्हणाली, "मित्र. हंड्रेड पर्सेंट." दुसऱ्या म्हणाल्या, मुलगा. एक जण जावयालाच धरून बसली होती. मी शेवटचं पान वाचलं. मग त्या वडील वहिनी माझ्यावर खरोखरच रागावल्या.

"हे काय केलंत तुम्ही? आता मी कोणाकडे डबा घेऊन गेले तर लोक माझ्याकडे कसं बघतील?"

"वहिनी, तुम्ही आधी एक घास खाऊन दाखवायचा," टेस्टर म्हणाली, आणि मग हसणं कोणालाच आवरेना, वहिनींनाही. निघताना त्यांनी मला कोटाची बटणं लावता लावता विचारलं, "पण पकडल्यावर तिला तुरुंगात डबा कोण नेणार हो?" त्यांना तिची काळजी लागली होती. मला याहून मोठी दाद मिळाली नसती.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी त्यांच्या फॅक्स मशीनवरून एकेक पान सरकवत सगळी कथा पुण्याला पाठवली. मशीनने सगळी पानं गेल्याचं दाखवलं. मग दोन दिवस काही नाही. मी घरभर उगाच पुसत फिरत होते. आजोबा म्हणाले, "खिडक्या पुसून झाल्या असतील तर आता बस."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. संपादक होते. नमस्कार नाही, काही नाही.

"बाई, शेवटचं पान आलंच नाही. आमच्याकडचा कागद संपला होता, कोणाच्या लक्षात आलं नाही."

"मग पुन्हा पाठवते. पण कथा घेताय का ते सांगा."

"घेतली, घेतली. ते सोडा. आधी सांगा, कोणी मारलं? आम्ही ऑफिसात सगळे कालपासून भांडतोय. जावई ना?"

"नाही."

"मग मुलगा. मी म्हटलंच होतं."

"नाही."

"मित्र? नाही? बायको?"

"तीही नाही."

पलीकडे कोणाशी तरी कुजबुज झाली. आजोबा माझ्यासमोर उभं राहून, सांग, सांग, अशा खुणा करत होते. संपादक परत फोनवर आले आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, मग घरात उरलंच कोण? तो इन्स्पेक्टर?"

"मशीनमध्ये कागद घाला," मी म्हटलं, "पाठवते."