स्कूटरला पाजलेलं तेल

आमच्या घरी यंत्रातलं सगळं जेठांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना कळतं, असं ठरलेलं होतं. कोणी ठरवलं म्हणाल, तर त्यांनीच. रेडिओ खरखरला की ते त्याला एक चापट द्यायचे. चालू झाला तर त्यांच्या हाताचा गुण, नाही झाला तर रेडिओच भिकार.

तेव्हा, सत्तरच्या दशकात, आमच्याकडे दोघातिघांनी वापरून झालेली स्कूटर होती. दर रविवारी आम्ही नवराबायको तिच्यावर खाप्याला, माझ्या आईकडे जायचो. आई पडल्यापासून अंथरुणावर, घरात दुसरं कोणी नाही. शेजारीण भाकरी द्यायची. न्हाणंधुणं मात्र माझ्यावाचून अडून राहायचं. एसटीने गेलं तर त्याच दिवशी परतणं होत नसे. स्कूटर गेली म्हणजे माझं जाणं गेलं.

आणि स्कूटर रस्त्यात बंद पडायला लागली. जेठांनी निकाल दिला, "इंजिन गेलं. रविवारी गिऱ्हाईक येते, देऊन टाकू." माझे यजमान मोठ्या भावापुढे मान हलवण्यापलीकडे काही करत नसत. ती त्यांनी हलवली.

मग मीच प्लग काढला. धरमपेठेतल्या मिस्त्रीकडे ताटकळत बसून एवढं शिकले होते, की प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असलं तर इंजिन ठीक, पांढरं पडलं तर फार तापतंय, अन् काळं, ओलं असलं तर तेल जास्त. आमचा प्लग म्हणजे काजळाची डबी. आधी बदललेले दोन मी ठेवून दिले होते, तेही तसेच. स्कूटरला पेट्रोलमध्ये थोडं तेल लागायचंच, पण पंपावर ते मापानेच मिसळून मिळायचं. मग हे जास्तीचं आलं कुठून?

शनिवारी सकाळी दिसलं. जेठ अंगणात, टाकी उघडून, वाटीने तेल ओतत होते. लेकराला दूध पाजावं इतक्या मायेनं.

जेठांशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमची रीत. सासूबाई मध्ये बसून गहू निवडत होत्या. मी तिन्ही प्लग त्यांच्या सुपात ठेवले.

"आत्याबाई, विचारा त्याइले, तेल काहून टाकून राहिले?"

"काहून गा?"

"इंजिन कोरडं पडते माय. पंपावाले चोर. मी हर आठवड्याले वाटीभर पाजतो, म्हणून तं टिकलं."

"सांगा त्याइले, त्याच्यानंच मरून राहिलं."

सासूबाईंनी प्लग हुंगला. "तुले लहानपणी अजीर्ण झालं तं वैद्यानं पहिले तूप बंद केलं होतं गा."

"तिले काय समजते?" जेठ म्हणाले, तेही स्कूटरकडे पाहून.

त्याच दुपारी मी यजमानांकडून टाकी रिकामी करवली. पंपावरचं पेट्रोल, नवा प्लग, आणि कन्हानपर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर प्लग उघडून पाहिला. चहाचा रंग.

रविवारी गिऱ्हाईक आलं. जेठांनी किक मारली, पहिल्याच किकेला सुरू. त्यांनी छाती काढली. "आता नाई देत बुवा. म्या दुरुस्त केली."

यजमान खाली पाहून हसले. मला हसायला वेळ नव्हता, तिकडे आई अंघोळीची वाट पाहत होती. जेठांचा तेलाचा डबा पिशवीत घातला आणि मागे बसले. तो डबा मी खाप्यालाच ठेवून आले, आईच्या दाराच्या बिजागऱ्या करकरत होत्या.