आठच्या ठोक्याचा गुलाब

हॅलोबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. एकतीस वर्षं त्या मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या. समोरचा माणूस काय बोलतो त्याआधी तो श्वास कसा घेतो ते त्यांना ऐकू यायचं. "अपघात विभाग ना? जोडून देते," असं त्या समोरच्याने तोंड उघडायच्या आत म्हणत आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरत. दहाव्या वेळी शिव्या खात.

निवृत्ती झाली, बोर्ड सुटला. पण जित्याची खोड ती! त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक घड्याळजी एकटा राहायचा. तो गेला तेव्हा तीन दिवस कुणालाच पत्ता नव्हता. लोक दुरुस्तीची घड्याळं घेऊन यायचे, बंद दार बघून चरफडत परत जायचे. ते कळल्यावर हॅलोबाई जिन्यातच कडाडल्या, "तीन दिवस? अरे, इथे माणसं राहतात की नुसती कुलपं?"

त्याच आठवड्यात त्यांनी गल्लीतली एकटी राहणारी अकरा म्हातारी माणसं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये कोंबली. ग्रुपचं नाव 'आहोत'. नियम एकच. सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने एक चित्र टाकायचं. "फूल टाका, सूर्य टाका, माकड टाका, पण टाका." प्रत्येक चित्राखाली बाई लिहीत, 'पोचलं.' नऊ वाजून गेले आणि चित्र नाही, की बाई पायात चपला सरकवून थेट त्याच्या दारात.

बाकी दहाजण शहाण्यासारखे वागत. अकरावी शिंपीण.

ती समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. दोघींची तीस वर्षांची मैत्री, आणि ती अशी की एखाद्या दिवशी भांडल्या नाहीत तर गल्लीलाच चुकल्यासारखं व्हायचं. शिंपिणीच्या हाताला सफाई होती, पण वेळ नावाची गोष्ट तिला कुणी शिकवलीच नव्हती. एकाचा लग्नाचा कोट तिने पहिलं मूल झाल्यावर दिला असं लोक सांगत, आणि तो माणूसही ते नाकारत नसे. मग सकाळचं चित्र ती नऊच्या आत कशाला टाकतेय! रोज नऊ वाजून गेले की बाई तिचं दार बडवणार आणि ती आतून ओरडणार, "मेले नाहीये गं! दोरा ओवतेय!"

पंधरवड्यापूर्वी शिंपिणीचा मुलगा परगावाहून दोन दिवसांसाठी आला. त्याने बाईंना जिन्यात गाठलं.

"मावशी, राग मानू नका, पण तुम्ही रोज दार वाजवता, त्याचा आईला त्रास होतो. आई नाही दिसली की मलाही फोन करता. मी तिकडे मीटिंगमध्ये असतो, जीव खालीवर होतो माझा. आणि घराची ती दुसरी किल्ली आहे ना तुमच्याकडे? ती द्या मला."

बाईंना ते लागलं. तीस वर्षं पदराआड जपलेली मैत्री कुणी हिशेबाला काढावी तसं वाटलं. त्यांनी जुडग्यातली किल्ली काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि तडक घरी आल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून चमत्कारच! बरोबर आठच्या ठोक्याला शिंपिणीचा गुलाब. लालभडक, पाकळीवर दवाचा थेंब. रोज तोच. बाई एकट्याच हसल्या. "सुधारली हो बया! मुलाने कान पिळलेले दिसतात." आता शिंपीण सगळ्यांत पहिली आणि बाईंचं 'पोचलं' तिच्या पाठोपाठ. दार वाजवायला जायचं कारणच उरलं नाही. आठवड्याभरात दोघींची एकदाच गाठ पडली, तीही रस्त्यात, आणि भांडायला विषयच सापडेना.

बुधवारी दुपारी बाईंच्या झग्याची बाही खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. त्यांनी शिंपिणीला फोन लावला. रिंग पूर्ण गेली, तिने उचलला नाही. संध्याकाळी परत लावला. तेच. बाईंच्या मनात आलं, जावं का? मग मुलाचं बोलणं आठवलं. 'आईला त्रास होतो.' बरं बाई, नाही देत त्रास. सकाळी गुलाब आला होता ना? म्हणजे आहे ठणठणीत. रुसली असेल. बाईंनी स्वतःच सुईदोरा घेतला आणि बाही वाकडीतिकडी टाचली. पण जेवण काही गोड लागलं नाही.

गुरुवारी आठ वाजले. गुलाब आला. बाईंनी 'पोचलं' लिहिलं आणि त्याच हाताने फोन लावला.

रिंग गेली. गेली, गेली, थांबली.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. अर्ध्या मिनिटापूर्वी जिच्या हातात फोन होता, ती फोन उचलत नाही? त्यांनी ग्रुप मागे मागे सरकवला. आठ. आठ. आठ. पंधरवडाभर रोज आठ, ना एक मिनिट इकडे ना एक मिनिट तिकडे. जिने उभ्या जन्मात एक काम वेळेवर केलं नाही, ती?

त्या तशाच समोरच्या इमारतीकडे धावल्या. चपला घालायचंही भान राहिलं नाही.

शिंपिणीच्या दाराशी उभं राहून त्यांनी परत फोन लावला. आत वाजताना स्पष्ट ऐकू येत होता. पावलांचा आवाज मात्र नाही. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. शेजारचा तरुण कानातली इअरफोनची बोंडं काढत बाहेर आला. "काय झालं, आजी?" ग्रुपवर निरोप टाकला तर त्यातले एक मास्तर म्हणाले, "अहो, गुलाब आलाय की आत्ताच!" कुणीतरी लिहिलं, "अंघोळीला गेल्या असतील, उगाच घाबरू नका." जो तो गुलाबाचीच साक्ष काढत होता. खरं तर दोन दिवस बाईंनी तरी दुसरं काय केलं होतं?

त्यांनी मुलाला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचंच नाव दाबलं गेलं.

"मावशी, आठला मेसेज आला ना?" तो वैतागून म्हणाला.

"आला. ती दार उघडत नाहीये. फोन आत वाजतोय."

पलीकडे मग त्याने श्वास घेतला. एकतीस वर्षं असले श्वास ऐकले होते बाईंनी. त्यांना पुढचं कळलं.

"तो मेसेज ती पाठवत नाही, मावशी. मी तिच्या फोनमध्ये लावून दिलाय. रोज आठला आपोआप जातो. तुम्ही सारख्या... मला वाटलं, सगळ्यांचीच कटकट वाचेल."

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"हो."

बाईंनी फोन तसाच खाली टाकला आणि जिन्यातून गल्लीतल्या सुताराला अशी हाक मारली की आख्खी गल्ली दारात आली.

सुताराने पटाशी लावून कुलूप उचकटलं. शिंपीण कापायच्या टेबलाखाली पडलेली होती. मंगळवारी संध्याकाळी खाली पडलेली कात्री उचलायला वाकली, तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली तेवढी हाताला लागली होती. त्याच पाण्याच्या घोटांवर तिने दोन रात्री काढल्या होत्या. ओठ फुटले होते, आवाज पार बसला होता. फोन मशीनवर, चार्जरला लावलेला, हातापासून हातभर लांब. पण डोळे उघडे होते. जिवंत होती.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी बाईंना खाटेजवळ बसू दिलं. मुलगा बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. बाईंनी येता येता मनात खूप जुळवाजुळव केली होती, पण तिला बघितल्यावर नुसता हुंदका फुटला.

"रडतेस काय, मी मेले नाहीये," शिंपीण घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग छताकडे बघत सांगू लागली.

"खूप ओरडले गं पहिल्या दिवशी. शेजारच्याच्या कानात बोंडं. मग म्हटलं, मरू दे, सकाळी चित्र गेलं नाही की हॅलोबाई येईलच. चपला फटफटवत येईल, दार बडवेल. रात्रभर त्याच आशेवर होते. उजाडलं, भिंतीवरच्या घड्याळात आठचे ठोके पडले, आणि मग आठवलं. गुलाब."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"ठोके संपतायत तोच फोन टिंग वाजला. दुसऱ्या दिवशीही. इतक्या तत्परतेने दुसरं कोण उत्तर देणार? मला कळलं, ही तूच." तिने मान वळवून बाईंकडे पाहिलं. "दोन दिवस विचार करतेय मी. चित्राखालचं मी कधी वाचलंच नाही. काय लिहायचीस गं तू त्याच्याखाली?"

हॅलोबाईंना श्वास घ्यायलाच वेळ लागला.

"पोचलं," त्या म्हणाल्या.