साखऱ्या मास्तर झाला त्याची गोष्ट

कंपनीत त्याला सगळे साखऱ्या म्हणायचे, आणि ते नाव काही उगीच पडलं नव्हतं. कारखान्यांना लागणारे पाण्याचे पंप विकण्यात त्याची हयात गेली. आता पंप म्हणजे काय दागिना आहे, पाहताक्षणी कुणी भुलायला? पण हा बाबा समोर बसला, दोन्ही हात टेबलावर पालथे टाकून खळखळून हसला आणि "तुमच्या जागी मी असतो ना साहेब..." म्हणाला, की भलेभले खिशातलं पेन काढायचे.

पन्नाशी उलटली आणि याच्या डोक्यात भूत शिरलं. पंप किती विकायचे? आता विकणारी माणसं घडवायची! रोज वाढणारं टार्गेट आणि मुलाच्या वयाच्या साहेबापुढे 'येस सर' करणं, याचाही वीट आला होता म्हणा. बायकोनं हात जोडले. "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागता? धाकटीचं शिक्षण अजून व्हायचंय." ऐकतोय कसला! अर्ध्या तासात तिलाच पटवलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन मोकळा झाला.

चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत एक प्रशिक्षण संस्था होती. ती चालवणाऱ्या बाई मोजकं बोलायच्या. "एक तुकडी देते," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी मी स्वतः गिऱ्हाईक होऊन एकेकाशी बोलेन. पटलं तर नोकरी कायम. नाहीतर तुम्ही तुमच्या वाटेनं."

तुकडीत सहा जण होते, सगळे नोकरीत मुरलेले. विमेवाला, औषध कंपनीची प्रतिनिधी, बँकेत कर्जं खपवणारा, असे. वर्ग कसला, मैफलच जमायची! चिडलेल्या कारखानदाराला नुसतं गप्प बसून कसं गार केलं, दारातून हाकललेला असताना ऑर्डर कशी आणली, साखऱ्या एकेक किस्सा सांगायचा आणि पोरं पोट धरून हसायची. एकदा औषधवालीनं विचारलं, "सर, पण आता गप्प बसायचं, हे तुम्हाला त्या वेळी कळलं कसं?"

साखऱ्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ठाऊकच नाही. कळायचं, बस! पण विक्रीतला माणूस 'माहीत नाही' म्हणेल? जीव गेला तरी नाही. अडलं की ठोकून द्यायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. गिऱ्हाइकापुढे ते खपतं हो, कारण गिऱ्हाईक ते पाठ करत नाही. त्यानं ठोकून दिलं, "सोपं आहे. हात टेबलावर ठेवायचे, मनमोकळं हसायचं आणि म्हणायचं, तुमच्या जागी मी असतो ना..." सहाही जणांनी ते लिहून घेतलं. पुढे प्रत्येक अवघड प्रश्नाला हेच उत्तर मिळू लागलं.

शेवटच्या दिवशी बाई टेबलामागे बसल्या. साखऱ्या मागच्या खुर्चीत. पहिला विमेवाला आला. बाई म्हणाल्या, "माझा नवरा गेल्याच महिन्यात वारला. आता मला विमा कशाला?" विमेवाल्यानं दोन्ही हात टेबलावर टाकले, खळखळून हसला आणि म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो ना बाई..."

अरे देवा! मग बँकवाला आला. तेच हात, तेच हसणं. मग ती बिचारी औषधवाली, एरवी इतकं हळू बोलणारी, तीही घसा ताणून तसलीच हसली. साखऱ्या मागच्या खुर्चीतून बघत होता. आपण असे दिसतो? आयुष्यभर आपण हे करत आलो? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "सहाच्या सहा तुम्हीच येऊन गेलात. माझं कुणीच ऐकलं नाही. तुम्हाला विकता येतं, पण ते कसं, हे तुमचं तुम्हालाच माहीत नाही. मग शिकवणार काय?" साखऱ्या खाली मान घालून जिना उतरला.

बायको घरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मग परत पंप विका," एवढंच म्हणाली. "ते तर येतं ना तुम्हाला?"

जुन्या कंपनीनं दार उघडलं नाही. एका छोट्या दुकानदाराकडे कमिशनवर लागला आणि पहिल्यांदा गेला तो हक्काच्या माणसाकडे. या कारखानदारानं आजवर त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. साखऱ्या बसला. हात आपोआप टेबलावर गेले आणि त्याला ते दिसले. विमेवाल्याचे हात! पटकन मांडीवर घेतले. हसू आलं, ते अर्ध्यातच तुटलं. "तुमच्या जागी मी..." म्हणाला आणि पुढे शब्दच फुटेना. काय बोलू, कसा बसू, कुठे बघू? जे न शिकता येत होतं, ते आता आठवून आठवूनही येईना.

"अहो, बरं नाही का तुम्हाला?" कारखानदारानं विचारलं. मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "असू द्या, असू द्या. जुनी ओळख आहे आपली. एक पंप पाठवून द्या."

पंपाची गरज त्याला नव्हती, हे साखऱ्याला स्वच्छ कळत होतं. घरी धाकटीची फी थांबली होती. "उपकार झाले साहेब," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा तिथे गेला, तेव्हा पहारेकऱ्यानं फाटकावरच अडवलं. साहेब नाहीत म्हणाला. साहेबांची गाडी आत अंगणात उभी होती.