खापरखेड्याचं आरमार

टाइम ऑफिसातल्या मधुकर घाटोळेला कॉलनीत नावानं कोणी ओळखत नसे. 'आपली हिरॉईन' म्हटलं की लहान पोरही त्याच्या क्वार्टरकडे बोट दाखवी. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत गणपतीचं नाटक असे, नाटकात नायिका असे, आणि तेव्हा घरची बाई स्टेजवर पाठवायला कोणी तयार नसे. मग मिशी न ठेवणारा, मान खाली घालून बोलणारा मधुकर नागपूरच्या इतवारी बाजारातून भाड्यानं आणलेला टोप घालून उभा राही. नायक ठरलेला, टर्बाइनवरचा विश्वनाथ राऊत. माणूस धिप्पाड, आणि आवाज असा की बॉयलरच्या घरघरीवरून मागच्या रांगेपर्यंत पोचे.

लोक हसायचे, टाळ्या द्यायचे, घरी जायचे. मधुकरचा देह तेवढा घरी जायचा. एका नाटकात विश्वनाथ त्याचा हात धरून म्हणे, "तू नुसतं थांब म्हण, मग मला कोण नेतं ते बघतो." त्यावर नायिकेनं लाजून मान फिरवायची, एवढंच लिहिलेलं होतं. ते एक वाक्य मधुकर वर्षभर पुरवून पुरवून खायचा. त्याचं विश्वनाथवर प्रेम होतं. उगाच आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. त्यानं स्वतःही मनाशी त्याला दुसरं नाव कधी दिलं नाही. फक्त ताकास तूर लागू दिली नाही. विश्वनाथचं लग्न झालं, तारा घरात आली, तेव्हा वरातीत सगळ्यांपेक्षा जास्त नाचला तो मधुकरच.

मग सत्तरच्या सुमारास नाट्यमंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे फोरमन बापूजींना, सुधारणेचा झटका आला. नायिकेसाठी नागपूरहून नीला नावाची नटी ठरवली. मधुकरला केलं प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून विश्वनाथला प्रेमाची वाक्यं पुरवायची, आणि ती विश्वनाथनं दुसरीला ऐकवायची. दुधाची तहान ताकावर भागवणं त्याला सवयीचं होतं, पण इथं ताकही दुसऱ्याच्या पेल्यात गेलं.

पुढच्या वर्षी मधुकरनं मिशी वाढवली आणि स्वतःच नाटक लिहिलं. मराठ्यांचं आरमार, त्यातले रायाजी आणि धोंडजी हे दोन सरदार. एकमेकांना पाण्यात पाहणारे, एकाच लढाऊ गलबताच्या हुकमतीसाठी भांडणारे. तीन अंक तलवारी आणि तोफा. शेवटी वादळात दोघं एकाच फळकुटाला धरून तरंगतात आणि पहाटे एकमेकांच्या मिठीत किनाऱ्याला लागतात. रायाजी विश्वनाथ, धोंडजी मधुकर.

बापूजींनी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "यात बाई कुठं आहे गा?"

"दर्यावर बाई नेत नव्हते, बापूजी."

"एखादी गव्हर्नरची पोरगी टाक न मधात. पब्लिक काय तुमच्या मिशा पाहाले येईल?"

"बाई घेतली तं गलबत बुडते," मधुकर म्हणाला.

समुद्र बापूजींनी पाहिला नव्हता आणि मधुकरनंही. मोठ्या पाण्याची दोघांची ओळख कन्हान नदीपुरती. त्यामुळे बापूजींना वाद घालायला जागाच राहिली नाही आणि नाटक पास झालं.

तालमी रंगल्या. स्टोअरमधली जुनी तिरपालं मागून आणली, तारानं त्यांची शिडं शिवली. तोफेच्या धुराला बॉयलरच्या कोळशाची राख होतीच, तिला खापरखेड्यात काय तोटा. भांडणाच्या प्रवेशात विश्वनाथ मधुकरची गचांडी धरी, तेव्हा पाहणारे म्हणत, काय वैर उभं करून राहिले हे दोघं. मधुकरला एवढं सुख कोणत्याही नायिकेच्या लुगड्यात मिळालं नव्हतं.

गणपती तोंडावर आले आणि विश्वनाथनं कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता सांगितलं की त्याला बढतीवर पारसच्या वीज केंद्रात बोलावलं आहे. होकार तेवढा कळवायचा होता.

"चालला मंग?" मधुकरनं विचारलं.

"जाऊन राहिलो बहुतेक. काहून नाही जाऊ?"

काहून नाही जाऊ, याचं उत्तर मधुकरच्या जिभेच्या टोकावर होतं. त्यानं ते चहाबरोबर गिळून टाकलं.

घरी जाऊन त्याच संतापात त्यानं शेवट बदलला. फळकूट गेलं, पहाट गेली. आता रायाजी दुसऱ्या आरमारात जायला निघतो, धोंडजी तलवार उपसून वाट अडवतो आणि रायाजीच्या हातून मरतो. मेलेल्याचं डोकं मांडीवर घेऊन रायाजी गप्प बसतो, की पडदा. ज्याला तोंडानं भांडता येत नाही तो असा भांडतो, काय करणार.

विश्वनाथनं नवी पानं वाचली. "त्याले काहून मारून टाकलं गा?"

"रायाजी सोडून जाऊन राहिला न."

"मंग धोंडजीनं थांब म्हटलं काय त्याले? सरळ तलवारच काढली. तोंड नाही काय त्याले?"

मधुकर खाली मान घालून लाकडी तलवारीचा चंदेरी कागद चिकटवत बसला.

प्रयोगाला मांडव गच्च भरला, गव्हर्नरच्या पोरीशिवाय भरला. धोंडजी असा मेला की बायकांच्या बाजूनं मुसमुसणं ऐकू आलं. विश्वनाथनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आता पडदा पडायचा. पण विश्वनाथनं हात वर करून पडदेवाल्याला थोपवलं आणि खाली वाकून, त्या दांडग्या आवाजाला शोभणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तू नुसतं थांब म्हण, मग मला कोण नेतं ते बघतो."

हे या नाटकातलं वाक्य नव्हतं. इतकी वर्षं मधुकरला वाटत होतं की ते आपल्या एकट्याजवळ आहे. ते विश्वनाथनंही जपून ठेवलं होतं. मधुकरचं मन भरून आलं आणि त्याच वेळी जीव घाबरला, कारण त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःला मारून ठेवलं होतं. पुढे सगळी कॉलनी बसलेली. मेलेल्या माणसानं बोलायचं कसं?

"थांब," धोंडजी म्हणाला.

टाळ्या पडल्या की नाही ते त्याला आठवत नाही. बापूजी विंगेत ओरडले ते आठवतं. "मेला माणूस बोलते काय गा? साऱ्या नाटकाचा सत्यानाश केला."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तारा मधुकरच्या क्वार्टरवर आली. हातात झाकलेलं पातेलं होतं.

"गोळ्याची कढी केली होती, भाऊजी. ते पारसले जाऊन नाही राहिले. कळवून आले हापिसात."

"बरं झालं, वहिनी," मधुकर म्हणाला. मनातला आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यानं पातेलं घ्यायला हात पुढे केला.

"बरंच झालं. मलेही नव्हतं जायचं. माय इथं आहे न माझी, सावनेरले." तिनं पातेलं त्याच्या हातात दिलं, पण ती वळली नाही. "किती खेपा म्हटलं मी त्यायले, थांबा म्हणून. हात जोडले, रडली. ऐकलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मधुकरला सोपं गेलं असतं. "तुमी एकच खेप म्हटलं."

मधुकरला तिच्याकडे पाहवेना. पातेल्याचा चटका बसत होता, तरी ते खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"गरम आहे तवर खाऊन घ्या," तारा म्हणाली आणि पदर सावरून घराकडे गेली.