हौशीराम आप्पांचा तळहात

केंदुरात हौशीराम आप्पांच्या ओट्यावर बसायचं म्हणजे आधी तळहात पुढे करायचा. आप्पा कमरेची चंची सोडणार, डाव्या हातावर तंबाखू घेणार, नखाने चुना लावणार आणि अंगठ्याने ती अशी मळणार, की पाहणाऱ्याला वाटावं हे गृहस्थ तान्ह्या बाळाला तेल लावताहेत. बांधाचं भांडण घेऊन आलेले दोन भाऊसुद्धा आप्पांच्या हातची चिमूट घेतली की निम्मे थंड होत. तोंड भरलेलं असताना शिवी नीट देता येत नाही, हे एक कारण असावं.

त्याच हाताने आप्पा रोज सकाळी शेडनेटमध्ये जाऊन ढोबळ्या मिरचीच्या एकेका रोपाची विचारपूस करायचे. पान कुरवाळायचं, शेंडा उचलून पाहायचा, कळीला हलकेच टिचकी मारायची. स्वतःच्या मुलाला, विक्रमला, त्यांनी एवढं कधी कुरवाळलं नव्हतं. तो बिचारा रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि मिरचीचा हेवा करतो.

यंदा ही मिरची चितकबरी झाली. पानांवर हिरवे-पिवळे ठिपके, शेंडे आकसलेले. रोग दारापासून सुरू झाला आणि आप्पांच्या फेरीच्या वाटेनेच आत चालला, हे पहिल्यांदा सुनेच्या लक्षात आलं. सून तेजश्री. माहेर भांडगावचं, शिक्षण शेतकीचं, बोलणं रोखठोक.

"आप्पा, हा व्हायरस आहे. तंबाखूच्या पानात राहतो, तिथून तुमच्या हाताला लागतो आणि हातावरून मिरचीत जातो."

"माझ्या हातानं?" आप्पा उडालेच. "अगं, समद्या गावानं खाल्ली माझ्या हातची. कोन झालंय चितकबरं? ह्यांच्याकडं बघ!"

हे म्हणजे मी, ओट्यावर रोज तळहात पुढे करणारा. माझा चेहरा पुरावा म्हणून दाखवावा असा नाही, पण चितकबरा नव्हता, एवढं खरं.

"माणसाला काही होत नाही त्याचं. झाडाला होतं."

"मंग किडा दिसत का न्हाई?"

"किडा नाहीच तो. बारीकसा दोरा आणि त्यावर प्रोटीनचं कवच. खात नाही, पीत नाही, श्वास घेत नाही."

"म्हंजी मेलेला."

"मेलेला म्हणता येत नाही."

"मंग जित्ता."

"तसंही नाही, आप्पा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी चंचीकडे पाहिलं.

तेजश्रीने नेटाने समजावलं. पान जरासं खरचटलं की हा आत शिरतो आणि अंगावरचं कवच उतरवतो. आतल्या दोऱ्यावर एवढाच मजकूर, की माझ्यासारखे आणखी बनवा. झाडाची पेशी तो आपलाच हुकूम समजून वाचते आणि कामाला लागते. पेशींच्या मधल्या अरुंद वाटा रुंद करून तो शेजारी जातो. झाड त्याचे दोरे कातरू पाहतं, तर हा त्या कातरकामातच खोडा घालतो.

"समदं काम झाडानंच करायचं? आन् ह्यो काय करतो?"

"स्वतः काहीच नाही."

"असा एक जन हाय आपल्या सोसायटीत," आप्पा म्हणाले. विषय त्यांना प्रथमच थोडा कळल्यासारखा वाटला. पण तेजश्रीचं पुढचं वाक्य ऐकून तेही समाधान गेलं.

"चंची सुटत नाही तोवर तुम्ही शेडनेटमध्ये यायचं नाही."

शेडनेटचा खांब न् खांब आप्पांनी स्वतः उभा केलेला. घरातून त्यांच्या कारभारीण, साखरबाई, तेवढ्या बोलल्या, "लगीन झाल्यापास्नं म्या त्येच सांगतीया. मला कोन इचारतंय!"

"दाव मला," आप्पा म्हणाले. "डोळ्यांनी बघंल तवा मानीन."

तेजश्रीने त्यांना उकिरड्याकडेच्या धोतऱ्यापाशी नेलं. तंबाखू मळलेला हात चिमूटभर बारीक वाळू घेऊन एका पानावर दाबून घासायला लावला. मग हात दुधाने धुवून तसाच दुसऱ्या पानावर. दुधातली प्रोटीनं व्हायरसला गुंडाळून टाकतात, असं ती म्हणाली.

"हाताला दूध आन् मला कोरा चहा!" साखरबाई कडाडल्या.

पानावर काही दिसायला चार-पाच दिवस लागणार होते; ते आप्पांनी शेडनेटच्या जाळीबाहेर उभं राहून काढले. कपाळावर जाळीचे चौकोन उमटेपर्यंत आत बघायचे. ओट्यावर आलेल्यांना तंबाखू मळून द्यायचे, पण अंगठा मध्येच थांबायचा.

मग एका सकाळी धोतऱ्याचं पहिलं पान बोललं. त्यावर तपकिरी, करपलेले ठिपके, आणि ते नेमके चार बोटांच्या नि एका अंगठ्याच्या आकारात. दूधवाल्या हाताचं पान स्वच्छ.

"पर बाकीचा धोतरा तर मजेत हाय की!"

"धोतऱ्याला तो ओळखू येतो. शिरला रे शिरला, की धोतरा त्याच्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकतो. मग त्याला पुढं सरकता येत नाही. आपल्या मिरचीला तो ओळखूच आला नाही."

आप्पा उकिडवे बसले. "म्हंजी ज्यानं पावन्याला दारातच जाळला, त्यो धडधाकट. आन् जिनं घरात घेतला, ती आजारी?"

"पाहुणा नव्हता तो, आप्पा."

"पर म्या दिलता ना. रोज सकाळी. माझ्या हातानं."

आप्पा बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मग चंची सोडली, उकिरड्यात टाकली, माती लोटली.

दुसऱ्या दिवशी शेडनेटच्या दारात आप्पा दोन्ही हातांवरून दूध निथळत उभे होते. तेजश्रीने कडी काढली. आजारी रोपं त्यांनीच उपटून पोत्यात भरली, साबणाने हात धुतले, पुन्हा दूध लावलं. मग निरोगी ओळींमधून हात पाठीमागे बांधून फिरले. शेंडे त्यांच्या सदऱ्याला घासत होते, तर हे अंग चोरून चालत होते.

"आप्पा, आता लावा की हात," तेजश्री हळूच म्हणाली. "चालतंय आता."

"नगं," आप्पा म्हणाले. "त्यो जित्ता का मेलेला, त्ये मला अजून कळलं न्हाई. कळलं की लावीन."